बिंदू चौकापर्यंत संपणारे डबे : कोल्हापूरच्या मुख्याध्यापकांना एका रिक्षावाल्याचं खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर शहरातल्या शाळांचे मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि पालक-शिक्षक संघ यांस,

स. न. वि. वि.

मी शाळेच्या पोरांची ने-आण करणारा रिक्षावाला आहे. सोळा वर्षं हाच धंदा. सकाळची एक शाळा, अकराची एक शाळा. माझ्या रिक्षात किती पोरं बसतात हे कृपा करून विचारू नका, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे आणि ते पत्र आरटीओकडून मला येईल. आज मला फक्त डब्यांबद्दल बोलायचं आहे.

तुमच्या शाळेतली पोरं डबा कुठं खातात, असं तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणाल वर्गात, व्हरांड्यात, झाडाखाली. मी सांगतो. माझ्या रिक्षात खातात.

अकराची शाळा 5 वाजून 10 मिनिटांनी सुटते. सव्वापाचला सगळ्यांना आत घेऊन मी निघालो की पहिल्या शंभर फुटांतच मागून आवाज सुरू होतात. खट, खट, खट. डब्यांच्या क्लिपा. मग वास येतो. कोबीची भाजी, तेल-तिखट लावलेली चपाती, शेंगदाण्याची चटणी, गुरुवारी कुणाच्या तरी डब्यात हमखास साबुदाणा. दसरा चौकाच्या सिग्नलला पहिली चपाती संपते. बिंदू चौकात डबे एकमेकांच्या मांडीवरून फिरायला लागतात. मिरजकर तिकटीपर्यंत रिकामे डबे दप्तरात गेलेले असतात. कुणाला काही नकोच असेल तर ते शेवटच्या स्टॉपवर बसलेल्या दोन कुत्र्यांच्या वाट्याला जातं. ती कुत्री माझ्या रिक्षाचा आवाज ओळखतात. बाकी रिक्षांना भुंकतात, मला शेपटी हलवतात.

घरी आई विचारते, "सगळं खाल्लास का रे?" पोरगं "हो" म्हणतं. ते खोटं बोलत नाही. कधी आणि कुठं, हे तिनं विचारलेलंच नसतं. रिकामा डबा बघून ती खूश होते आणि दुसऱ्या दिवशी एक चपाती जास्त घालते. सकाळी नऊला लाटलेली चपाती संध्याकाळी साडेपाचला खाल्ली जाते हे तिला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, आणि खरं सांगतो, कैक वर्षं मी पोरांनाच दोष दिला. सीटवर भाजी सांडली म्हणून ओरडलो. डबा शाळेत खायला काय होतं रे तुम्हाला, म्हणून रागावलो. पोरं गप्प बसायची.

गेल्या डिसेंबरात तिसरीतली एक पोरगी डबा रिक्षात विसरली. दुपारची फेरी नव्हती म्हणून दोनच्या आधी तो द्यायला शाळेत गेलो आणि शिपाई मामांशी बोलत व्हरांड्यात उभा राहिलो. शाळेचं नाव सांगत नाही. ही शाळा वाईट नाही, आणि जे बघितलं ते तिथंच घडतं असंही नाही. स्टॉपवरच्या इतर रिक्षावाल्यांना विचारलं तर त्यांच्याही रिक्षात क्लिपा वाजतात.

सुट्टी 2 ते अडीच. घंटा बरोबर दोनला झाली. पहिली तीन मिनिटं वर्गातच गेली, कारण फळ्यावरचं उतरवून व्हायचं होतं. मग अख्खा मजला एकदम जिन्यावर. खाली हात धुवायला आठ तोट्या, त्यातल्या पाचांना पाणी, आणि त्या पाचांतली एक नुसती ठिबकणारी. माझं अर्धं आयुष्य पंपावरच्या रांगेत गेलंय, त्यामुळं रांगेचं गणित मला कळतं. मोठी पोरं पुढं घुसतात, धाकटी मागं राहतात, आणि दर दहा पोरांत एक असं असतं जे तोटीवर हात ठेवून दुसऱ्याच्या तोंडावर पाणी उडवतं. त्याच्यासाठी अर्धं मिनिट वेगळं धरायचं.

माझ्या रिक्षातली ती पोरगी हात धुऊन वर्गात आली तेव्हा 2 वाजून 12 मिनिटं झाली होती. डबा उघडायला बसली तर क्लिप निघेना. हल्ली हवाबंद डबे निघालेत, सांडत नाहीत म्हणून आया घेतात. ते माझ्याच्यानं उघडताना नख दुखतं, तर आठ वर्षांच्या पोरीचं काय? शेजारच्या पोरानं ओढून बघितलं, मग दातानं ओढून बघितलं. बाईंकडं जायला ती बिचकत होती, कारण बाई टेबलावर मान खाली घालून वह्या तपासत होत्या. शेवटी मीच खिडकीतून हात घालून डबा मागून घेतला आणि उघडून दिला. 2 वाजून 16 मिनिटं. तिनं चपातीचा रोल धरला, एक घास घेतला, आणि तेवढ्यात बाहेर पटांगणात लंगडी सुरू झालेली तिला दिसली. घास गालातच ठेवून तिनं झाकण लावलं. मी म्हटलं, "अगं, खा की." ती म्हणाली, "काका, मी गाडीत खातो."

(आमच्याकडच्या पोरी "खातो"च म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी दुरुस्ती सुचवू नये.)

2 वाजून 25 मिनिटांना रांगेची घंटा झाली. कागदावर तीस मिनिटांची सुट्टी. त्यातली जेवायची किती, ते तुम्हीच मोजा. काही चपळ पोरांना नऊ-दहा मिनिटं मिळाली असतील. तिला एक घास मिळाला.

निघताना सहज टेबलाकडं नजर गेली. वह्यांच्या गठ्ठ्याशेजारी बाईंचा स्वतःचा डबा होता. तोही बंदच.

तेव्हापासून मी पोरांना ओरडायचा थांबलो. नऊ वर्षांच्या पोराच्या एका बाजूला चपाती आणि दुसऱ्या बाजूला लंगडी ठेवली तर लंगडीच जिंकणार. मी त्या वयाचा असतो तर मीही तेच केलं असतं, तुम्हीही केलं असतं. एकाच अर्ध्या तासात जेवणाची आणि खेळाची कुस्ती लावायची, आणि मग जेवण चितपट झालं म्हणून पोरांना बोल लावायचा, ही पंचगिरी बरोबर नाही.

आता दुसरी शाळा सांगतो.

माझी बायको करवीर तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवते. ही योजना 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाली तेव्हा मी पाचवीत होतो. तेव्हा शिजवलेलं काही मिळत नव्हतं, महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचे आणि ते मी पिशवीतून घरी नेलेले आहेत. पुढं 2001 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शाळेत शिजवलेलं गरम अन्नच द्या, आणि मग शाळाशाळांत पातेली आली. 2021 पासून योजनेचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असं झालंय, पण गावातलं एकही पोरगं ते नाव घेत नाही. मसालेभात असो, वरण-भात असो नाहीतर मटकीची उसळ असो, सगळ्याला "खिचडी"च म्हणतात. पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला 150, 30, 75 आणि साडेसात. धाकट्याला 450 उष्मांक मिळाले पाहिजेत, थोरल्याला 700. आमच्या घरात हे पाढ्यासारखं पाठ आहे. बायकोचं मानधन किती आहे ते मात्र लिहीत नाही. ते लिहिलं की लोक विषय सोडून त्यावरच बोलत बसतात.

तिच्या शाळेत फोडणीचा वास हीच पहिली घंटा. शिजलेलं आधी गुरुजी चाखतात, एखादा पालक आला असेल तर तोही चाखतो, आणि चवीच्या वहीत सही होते. मग व्हरांड्यात बस्करपट्ट्या पसरतात. पहिली-दुसरीची पोरं आधी हात धुऊन येतात, त्यांच्यानंतर तिसरी-चौथी, शेवटी मोठी. समोरासमोर दोन रांगा. सातवीतली दोन पोरं आणि दोन पोरी ओगराळ्यानं वाढतात. सगळ्यांच्या ताटात पडेपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही. "वदनी कवळ" होतं, त्यातले शेवटचे शब्द पोरं इतक्या घाईनं म्हणतात की देवालाही कळत नसतील. मग पाच मिनिटं अशी शांतता असते की व्हरांड्यावरच्या पत्र्यावर कावळा बसला तर ऐकू येतं. गुरुजी रांगेच्या टोकाला स्वतःचं ताट घेऊन बसतात.

आणि शाळेचा चेंडू त्या वेळी ऑफिसच्या कपाटात कुलपात असतो.

या चेंडूसाठीच मी हे पत्र लिहायला बसलोय, म्हणून जरा थांबतो. त्या शाळेत नियम एकच आहे, पंगतीतून मध्येच उठायचं नाही. पहिलीतलं शेवटचं पोरगं उठलं की चेंडू बाहेर येतो. त्याच्या आधी खेळ नाही, त्यामुळं खेळ बुडेल ही भीतीही नाही. ज्याचं आधी झालं ते शेजारच्याशी गप्पा मारतं, कोडी घालतं, धाकट्या भावाला "आवर की लवकर" म्हणून कोपरानं ढोसतं. पण बसून राहतं. बायको म्हणते, पहिली दोन वर्षं तिला वाटायचं गुरुजी उगाच शिस्त लावतात. मग एकदा गुरुजी आठवडाभर रजेवर होते, चेंडू बाहेर राहिला, आणि त्या आठवड्यात रोज पातेल्यात भात उरला. शिजवणारी तीच, तांदूळ तोच, मीठही तेवढंच.

तिथं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. ताटं घासायला नळ एकच. पावसात व्हरांडा भिजतो, मग वर्गातच बाकं सरकवून पंगत. अंड्याचं तर तुम्हाला माहीत असेल. 2023 च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, 2025 च्या जानेवारीत सरकारनं त्याचा निधी थांबवला आणि लोकवर्गणीतून बघा म्हणून सांगितलं. पहिलीतलं एक पोरगं त्यानंतर महिनाभर अंड्याच्या दिवशी पातेल्यात डोकावून जायचं. काही विचारायचं नाही, नुसतं बघायचं आणि रांगेत जाऊन बसायचं. बायको ते सांगताना मला म्हणाली, "त्यानं विचारलं असतं तर बरं झालं असतं."

तरीही माझ्या डोळ्यांनी जे दिसतं ते असं की ज्या पोराचे आईबाप वर्षाला भरभक्कम फी भरतात त्याला चार घास मिळतात, आणि ज्याच्या घरी फी भरायची ऐपत नाही ते अर्धा तास मांडी घालून जेवतं. जेवण कुणाचं भारी, हा प्रश्नच नाही. रिक्षातल्या डब्यात तूप असतं, पनीर असतं, सुकामेवा असतो. पण ते खायला जागा आणि सवड नाही.

कोल्हापुरात हे कुणाला सांगावं लागावं, याचंच मला नवल वाटतं. गंगावेस तालमीत जा, मोतीबाग तालमीत जा. पैलवान जोर-बैठका मारून, माती झाडून उठला की थंडाई, दूध, बदाम. वस्ताद स्वतः बघतो कोण किती पितो आणि कसं पितो. खुराक म्हणजे मेहनतीमधली सुट्टी, असं तालमीत कुणी समजत नाही. तो मेहनतीचाच भाग. घाईनं खाल्लेलं अंगी लागत नाही, हे वस्तादाला पुस्तक न वाचता कळतं. डॉक्टरही सांगतात की पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायला वीसेक मिनिटं लागतात. आमच्या शाळांत निरोप निघायच्या आधीच रांगेची घंटा होते.

आणि ज्यांच्या पुतळ्यावरून मी रोज चार वेळा रिक्षा नेतो, त्या शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत न घालणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, हे तुम्ही दरवर्षी 26 जूनला भाषणात सांगता. पण त्याच्या कितीतरी आधी, 1901 पासून, त्यांनी बोर्डिंगं काढायला सुरुवात केली होती. खेड्यातलं पोर शहरात येऊन शिकायचं तर आधी त्याच्या अंथरुणाची आणि ताटाची सोय लागते, हे त्यांनी ओळखलं. शाळेची घंटा नंतर, ताट आधी. 1919 ला त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एका शाळेत बसवली. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्याच गंगाराम कांबळ्यांना "सत्यसुधारक" नावाचं चहाचं हॉटेल काढून दिलं, तिथं स्वतः जाऊन चहा घेतला आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावला. कुणाशेजारी बसून काय खातो-पितो याला किती वजन आहे, हे त्या माणसाला माहीत होतं.

हे मी उगाच काढलं नाही. माझ्या रिक्षात चौथीतलं एक पोरगं आहे. त्याचे आईवडील गगनबावड्याकडचे, इथं कामाला आलेले. त्याच्या डब्यात नाचणीची भाकरी असते आणि कधी सुक्या मासळीची चटणी. तो डबा पूर्ण उघडत नाही. झाकण उभं धरतो आणि त्याच्या आड बोटांनी तुकडा मोडून खातो. मी आरशातून बघतो. पहिल्यांदा वाटलं, वाटून द्यायला नको म्हणून लपवतोय. मग कळलं की शाळेत कुणीतरी "तुझी चपाती जळलीय" म्हणालं होतं. नाचणी कधी न बघितलेली पोरं, त्यांचा तरी काय दोष? पण त्या पोराच्या शाळेनं पालकांना वारवार डब्याचा तक्ता पाठवलाय. सोमवारी चपाती-भाजी, मंगळवारी पोहे, बुधवारी इडली, असा. त्यात भाकरी कुठल्याच वारी नाही. खाली एक ओळ, "उग्र वासाचे पदार्थ देऊ नयेत." तक्ता करणाऱ्यांच्या मनात वाईट नसणार, पोरांनी रोज कुरकुरे आणू नयेत म्हणूनच केला असेल. पण ज्या कोल्हापुरात कांदा, लसूण आणि खोबरं एकत्र भाजल्याशिवाय मसाला होत नाही तिथं उग्र वास कुणी आणि कुठून मोजायचा?

गंमत म्हणजे तीच नाचणी मॉलमध्ये रंगीत पुड्यात बिस्किटाच्या रूपानं दीडशे रुपयाला मिळते, आणि ती बिस्किटं आणणाऱ्या पोराचं बाई कौतुक करतात.

एकदा रिक्षात मीच त्याच्याकडं भाकरीचा तुकडा मागितला. सगळ्यांदेखत खाल्ला आणि म्हटलं, "आईला सांग, उद्या काकांसाठी अर्धी जास्त घाल." दुसऱ्या दिवशी आईनं दोन पाठवल्या. सिग्नलला थांबल्यावर तिघांनी तुकडा मागितला. आता तो झाकण उभं धरत नाही, निदान माझ्या रिक्षात तरी. हे काम रिक्षावाल्याचं होतं का? पंगतीत गुरुजी शेजारी बसले असते तर दोन मिनिटांत झालं असतं.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. मधली सुट्टी अर्ध्या तासाची पाऊण तास करा, आणि तिचे दोन तुकडे पाडा. पहिली पंचवीस मिनिटं जेवायची. वर्गात किंवा व्हरांड्यात बसून, चेंडू कुलपात, पटांगणाचं फाटक बंद. त्या वेळात कुणी कुठं पळणार नाही, त्यामुळं कुणाला पळायची घाई होणार नाही. मग वीस मिनिटं खेळ, मोकळा, आरडाओरड्यासकट. पहिली ते चौथीला दहा मिनिटं आधी हात धुवायला सोडा म्हणजे जिन्यावर चेंगराचेंगरी होत नाही. बंद तोट्या दुरुस्त करा, एका तोटीला किती खर्च येतो हे प्लंबरला विचारा, आणि नसेल जमत तर आम्ही रिक्षावाले वर्गणी काढतो, चेष्टा करत नाही. धाकट्या वर्गांवर एक मावशी फिरती ठेवा, डब्यांच्या क्लिपा काढून द्यायला. आणि ज्या दिवशी बाईंचा डबा पोरांबरोबर उघडेल त्या दिवशी माझ्या मते निम्मं काम झालं. वह्या त्या वेळी कपाटात. सगळ्या शिक्षकांना रोज बसवा असं नाही म्हणत, त्यांनाही पाठ टेकायला अर्धा तास हवा, पाळ्या लावा. पण वर्गात कुणीतरी मोठं माणूस जेवत असलं पाहिजे. नुसतं लक्ष ठेवणारं असून भागत नाही.

आणखी एक, हे तुम्हाला कडू लागेल. "वही पूर्ण नाही, सुट्टीत बसून कर" ही शिक्षा बंद करा. ज्याच्या वह्या अपुऱ्या राहतात तीच पोरं रिक्षात सगळ्यात भुकेली असतात, हे मी सोळा वर्षं बघतोय. तसंच "डबा संपवल्याशिवाय उठायचं नाही" म्हणून डोक्यावर उभं राहणंही नको. पंगतीत बसायचं, ही सक्ती पुरे. किती खायचं ते पोटाला ठरवू द्या. वाढदिवसाची चॉकलेटं सुट्टीच्या आधी वाटू नका, शाळा सुटताना वाटा. (माझी सीट चिकट होते, पण ते मी सोसतो.)

पाण्याच्या बाटल्यांबद्दल थोडक्यात. दप्तरं रिक्षाच्या मागं मीच अडकवतो. मुलींच्या बाटल्या सकाळी जेवढ्या जड असतात, बऱ्याचदा संध्याकाळीही तेवढ्याच जड असतात. का, ते तुमच्या शाळेच्या मुलींच्या स्वच्छतागृहात एकदा दुपारी दोनला जाऊन बघितलं की कळेल. बाईंना पाठवा.

आता तुम्ही म्हणाल, वेळ कुठून आणायचा? तासिका भरल्या पाहिजेत. हा प्रश्न मी माझ्या एका जुन्या प्रवाशाला, निवृत्त गुरुजींना विचारला. त्यांनी 2009 चा शिक्षण हक्काचा कायदा काढून दाखवला. पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास शिकवणं, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास. भागाकार मी रिक्षातच केला. धाकट्यांना दिवसाला चार तास, थोरल्यांना साडेचारच्या जरा वर. अकरा ते पाच दहाच्या शाळेत प्रार्थना, छोटी सुट्टी, मोठी सुट्टी वजा करूनही पाच तासांवर शिकवणं उरतं. शनिवारची अर्धी शाळा धरली तरी धाकट्यांच्या बाबतीत पंधरा मिनिटं काढायला काहीच अडचण नाही. थोरल्यांचं जरा काठावर येतं, हे मान्य. त्यांच्यासाठी शाळा दहा मिनिटं उशिरा सोडा.

शाळा उशिरा सुटली तर रिक्षावाले बोंब मारतात, हे तुम्ही दरवेळी पालकसभेत सांगता. बरोबर आहे, मारतो. दहा मिनिटं उशीर झाला की माझी दुसरी फेरी गर्दीत सापडते आणि क्लासला जाणाऱ्या दोन पोरांचे पालक फोन करतात. तरी मी तयार आहे. आमच्या स्टॉपवर सात जण आहोत. मी सगळ्यांशी बोललो. पाच जण तयार आहेत, एक विचार करतोय, आणि एकाचं म्हणणं आहे की पोरं शाळेतच जेवायला लागली तर परतीच्या वाटेवर जास्त दंगा करतील, आत्ता तोंडात घास असतो म्हणून गप्प बसतात. त्याचं चुकतंय असं मी म्हणू शकत नाही.

जपानमध्ये शाळेतली पोरं कसं स्वतः वाढतात, स्वतः ताटं उचलतात, असे व्हिडिओ तुमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतात म्हणे. बघा जरूर. पण तेवढं लांब जायला नको. बायको शिजवते त्या करवीर तालुक्यातल्या शाळेत दुपारी फोडणीच्या वासावर या. बायकोला सांगून ठेवतो, ताट वाढून ठेवेल.

तेही जमणार नसेल तर येत्या सोमवारी 5 वाजून 10 मिनिटांनी तुमच्या शाळेच्या गेटवर उभे राहा. मागं दोन पोरांना सरकवून तुम्हाला जागा करतो, भाडं नको. पहिली पाच मिनिटं काही बोलू नका, नाहीतर तुम्हाला बघून पोरं डबे उघडणार नाहीत. दसरा चौकाच्या सिग्नलला क्लिपा वाजायला लागतील. बिंदू चौकापर्यंत आलात तरी पुरे. कुणीतरी डबा पुढं करेल, "सर, घ्या की" म्हणेल. घ्या. चटणी जरा तिखट असते.

आपला,
अकराच्या शाळेचा रिक्षावाला काका
कोल्हापूर